मेंदूचे एमआरआय जुळवताना डावे-उजवे कोठे हरवते

सोलापुरात मेंदूचा एमआरआय करून घेणारा रुग्ण शहरातलाच असतो असे नाही. अक्कलकोट, बार्शी, मोहोळकडून आणि शेजारच्या धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी या जिल्ह्यांतूनही लोक तपासणीसाठी येथे येतात. पहिली तपासणी एका केंद्रात, काही महिन्यांनंतरची दुसऱ्या केंद्रात, आणि शस्त्रक्रियेचा विचार निघालाच तर आणखी एक पुण्यात किंवा हैदराबादेत, अशी वाटचाल अनेक कुटुंबांच्या वाट्याला येते. प्रत्येक वेळी यंत्र वेगळे असते, डोके थोड्या वेगळ्या कोनात ठेवलेले असते आणि काप घेण्याची दिशाही वेगळी असू शकते. गाठ वाढली की आटली, सूज किती उतरली, हे केवळ नजरेने न सांगता मोजून सांगायचे असेल तर या सर्व प्रतिमा एकमेकींवर अचूक बसवाव्या लागतात. या कामाला रजिस्ट्रेशन किंवा प्रतिमांची जुळणी म्हणतात. जुळणी बिघडण्याचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे दिशांचा घोटाळा. तो नेमका कसा होतो, हे या लेखात सांगायचे आहे.

जुळणी करताना एक प्रतिमा स्थिर मानली जाते आणि दुसरी तिच्यावर बसेपर्यंत सरकवली व फिरवली जाते. प्रौढ माणसाची कवटी दोन तपासण्यांच्या मध्ये आकार बदलत नाही, त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन प्रतिमांसाठी सहा आकडे पुरतात: तीन दिशांना किती सरकवायचे आणि तीन अक्षांभोवती किती फिरवायचे. एखाद्या रुग्णाचा मेंदू एमएनआय१५२ या प्रमाण मेंदूशी, म्हणजे १५२ व्यक्तींच्या प्रतिमांच्या सरासरीतून तयार केलेल्या नमुन्याशी, जुळवायचा असेल तर ताणणे आणि तिरके करणेही लागते व आकडे बारा होतात. एखाद्या स्थितीत दोन प्रतिमा किती जुळल्या, हे ठरवण्यासाठी एक माप वापरले जाते. टी१ प्रकारच्या प्रतिमेत मेंदूभोवतीचे पाणी काळे दिसते आणि टी२ मध्ये तेच पांढरे दिसते, म्हणून उजळपणाची थेट तुलना करून भागत नाही. १९९५ च्या सुमारास बेल्जियममधील लूव्हेन आणि अमेरिकेतील एमआयटी येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे ‘म्युच्युअल इन्फर्मेशन’ हे माप या कामासाठी वापरले. एका प्रतिमेतील ठिकाणाचा उजळपणा कळल्यावर दुसऱ्या प्रतिमेतील त्याच ठिकाणच्या उजळपणाचा अंदाज किती नेमका बांधता येतो, हे त्या मापातून कळते. आजही बहुतेक जुळणीच्या प्रणाली याच मापाच्या किंवा त्याच्या जवळच्या मापांच्या आधारे चालतात.

आता मूळ अडचणीकडे येऊ. संगणकासमोर डोके नसते. आकड्यांची एक त्रिमितीय जाळी असते. समजा, टी१ तपासणीत बाजूने, म्हणजे एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणारे १७६ काप घेतले आणि प्रत्येक कापात २५६ गुणिले २५६ ठिपके आहेत. त्याच रुग्णाच्या फ्लेअर (एमआरआयचाच आणखी एक प्रकार) तपासणीत काप आडवे आहेत, खालून वर जाणारे, आणि प्रत्येक काप ५ मिलिमीटर जाडीचा आहे. पहिल्या फाइलमध्ये ‘पुढचा काप’ म्हणजे बाजूला सरकणे, तर दुसऱ्या फाइलमध्ये ‘पुढचा काप’ म्हणजे टाळूकडे सरकणे. दोन्ही जाळ्या केवळ आकडे म्हणून उघडल्या तर एक डोके दुसऱ्याच्या काटकोनात आडवे पडलेले दिसते. कोणता ठिपका शरीरातील कोणत्या जागेचा आहे, हे आकड्यांत लिहिलेले नसते. ते फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, लिहिलेले असते. दिशांचे बहुतेक घोटाळे हे हेडर हरवल्यामुळे, चुकीचे लिहिल्यामुळे किंवा न वाचल्यामुळे होतात.

रुग्णालयांत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डायकॉम पद्धतीत प्रत्येक कापाबरोबर दोन महत्त्वाच्या नोंदी असतात. एकीत कापाच्या पहिल्या ठिपक्याचे स्थान मिलिमीटरमध्ये असते. दुसरीत सहा आकडे असतात, त्यांतील पहिले तीन आडव्या ओळीची दिशा सांगतात व पुढचे तीन उभ्या स्तंभाची. यंत्राच्या नव्हे, तर रुग्णाच्या शरीराच्या संदर्भाने या दिशा ठरलेल्या आहेत: पहिला अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, दुसरा पाठीकडे, तिसरा टाळूकडे. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या निफ्टी पद्धतीत मात्र पहिला अक्ष रुग्णाच्या उजवीकडे, दुसरा नाकाकडे आणि तिसरा टाळूकडे वाढतो. म्हणजे आरंभबिंदूपासून उजवीकडे ४० मिलिमीटर, पुढे २० आणि वर ३० मिलिमीटर असलेला बिंदू निफ्टीत (४०, २०, ३०) असा लिहिला जातो आणि डायकॉममध्ये (−४०, −२०, ३०) असा. बिंदू तोच, शरीर तेच. केवळ दोन चिन्हे बदललेली आहेत.

या दोन चिन्हांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण पुढचे सर्व गणित यावर उभे आहे. दोन अक्षांची चिन्हे एकदम बदलणे म्हणजे उभ्या अक्षाभोवती अर्धा वळसा घेणे होय. त्यातून आरशातली प्रतिमा तयार होत नाही. पण रूपांतर करणाऱ्याने एकच चिन्ह बदलले आणि दुसरे विसरले, तर जे तयार होते ते वळण नसून आरशातले प्रतिबिंब असते. गणितात हा फरक वळण लिहिणाऱ्या आकड्यांच्या चौकटीच्या, म्हणजे मॅट्रिक्सच्या, निश्चयकाच्या (डिटर्मिनंट) चिन्हावरून कळतो: शुद्ध वळणाचा निश्चयक अधिक एक असतो, प्रतिबिंबाचा वजा एक. चिन्हे सम संख्येने बदलली तर वळण, विषम संख्येने बदलली तर प्रतिबिंब. आणि प्रतिबिंब झालेली वस्तू कितीही वळवली तरी मूळ वस्तूवर बसत नाही.

सोलापूरच्या वाचकाला हे चादरीवरून चटकन पटेल. जमिनीवर पसरलेली सोलापुरी चादर कोणत्याही कोनात फिरवली तरी काठावर विणलेली अक्षरे वाचता येतात, फार तर मान वाकडी करावी लागते. अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसायची असतील तर चादर पालथीच घालावी लागते. आणि अक्षरे नसतील, रंगांचा फरकही बाजूला ठेवला, केवळ दोन्ही अंगांनी सारखी नक्षी असेल, तर चादर पालथी आहे की सुलटी हे सांगता येणार नाही. मेंदूची नक्षी डावी-उजवीकडे बहुतांशी सारखी आहे आणि तिच्यावर अक्षरे नाहीत.

म्हणूनच दिशांच्या चुका दोन जातींच्या असतात आणि त्यांचे धोकेही वेगळे असतात. नाक जेथे डोक्याची मागची बाजू असायला हवी तेथे आले, किंवा डोके उलटे झाले, तर कोणालाही दिसते. जुळणी फसते आणि माणूस कारण शोधायला लागतो. डावे-उजवे उलटले तर मात्र जुळणी यशस्वी होते. सहा आकड्यांची जुळणी प्रतिबिंब सरळ करू शकत नाही, कारण तिच्याजवळ वळवणे आणि सरकवणे एवढेच आहे. बारा आकड्यांच्या जुळणीत उणे ताण तत्त्वतः बसतो, पण तेथवर पोचायचे तर प्रतिमा आधी चपटी होत शून्य जाडीपर्यंत जावी लागते, आणि कोणतीही शोधपद्धत त्या वाटेने जात नाही. मग ती उलटलेल्या मेंदूचा डावा अर्धगोल दुसऱ्या प्रतिमेच्या उजव्या अर्धगोलावर शक्य तितका नीट बसवते, माप चांगले येते, कडा जुळलेल्या दिसतात आणि पडद्यावर काहीही वावगे दिसत नाही. गाठ मात्र चुकीच्या बाजूला गेलेली असते.

ही चूक नवख्यांच्याच हातून होते असे समजू नये. ॲफनी ही मेंदू-प्रतिमांची प्रणाली विकसित करणाऱ्या गटाने २०२० साली सार्वजनिक संग्रहांतील माहिती तपासली, तेव्हा जगभर वापरल्या जाणाऱ्या संग्रहांतही डावे-उजवे उलटलेल्या प्रतिमा सापडल्या. अशा प्रतिमा अनेक संशोधकांनी डाउनलोड केलेल्या असतात आणि त्यांवर जुळणीही बिनतक्रार झालेली असते.

चूक कोठे शिरते, हे पाहताना संगणकाच्या पडद्यापासून सुरुवात करणे बरे. रेडिओलॉजीच्या प्रथेनुसार आडवा काप असा दाखवतात की जणू आपण रुग्णाच्या पायांकडून वर पाहत आहोत. त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे येते. मेंदूविज्ञानाच्या संशोधनात दुसरी प्रथा रूढ आहे, तीत रुग्णाचे डावे ते पाहणाऱ्याचेही डावे. दोन्ही प्रथा योग्य आहेत आणि हा केवळ दाखवण्याचा प्रश्न आहे. गोंधळ सुरू होतो तो दाखवण्याची पद्धत आणि साठवण्याचा क्रम एकच समजल्यामुळे. फाइलमध्ये ठिपके उजवीकडून डावीकडे साठवलेले असले तरी ती चूक नव्हे. हेडर खरे असेल तर प्रत्येक चांगली प्रणाली ते योग्य जागी ठेवते. ‘चित्र उलटे दिसते म्हणून’ आकड्यांचा क्रम बदलणे आणि हेडर तसेच ठेवणे, हे मात्र थेट प्रतिबिंब तयार करणे आहे.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला मेंदूतील गाठ ओळखण्याचे प्रकल्प मोठ्या संख्येने होतात, त्यामुळे त्यांतला एक नेहमीचा प्रसंग सविस्तर सांगतो. विद्यार्थी निफ्टी फाइल पायथॉनमध्ये उघडतो. साठवणीचा क्रम डावीकडून उजवीकडे, मागून पुढे, खालून वर असा आहे असे धरू. एक आडवा काप घेऊन त्याच्या ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल करून तो दाखवला, तर नाक खाली आलेले दिसते, कारण चित्र दाखवणारी आज्ञा ओळी वरून खाली मांडते. हे दुरुस्त करण्याचे दोन मार्ग सुचतात. एक, चित्र वरखाली पलटवणे. दोन, चित्र अर्धा वळसा फिरवणे. दोन्हींनी नाक वर येते आणि दोन्ही चित्रे तितकीच नैसर्गिक दिसतात. पण पहिल्यात रुग्णाचे डावे पाहणाऱ्याच्या डावीकडे असते आणि दुसऱ्यात उजवीकडे. ती एकमेकांची प्रतिबिंबे आहेत. हे पाहण्यापुरते असेल तर काही बिघडत नाही. परंतु विद्यार्थ्याने हा ‘सरळ’ केलेला आकड्यांचा संच पुन्हा फाइलमध्ये साठवला, जुने हेडर तसेच जोडले किंवा कोरे हेडर दिले, तर पुढची प्रत्येक पायरी चुकीच्या माहितीवर चालते.

अशा प्रकल्पांत ब्राट्स हा गाठींच्या प्रतिमांचा संग्रह हमखास वापरला जातो. त्यातील प्रत्येक प्रतिमा आधीच एका प्रमाण मेंदूशी जुळवलेली, कवटी काढलेली, १ मिलिमीटरच्या ठिपक्यांची आणि २४० × २४० × १५५ आकाराची असते. त्यावर शिकवलेल्या संगणकीय प्रारूपाला (मॉडेलला) येथील केंद्रातून आलेल्या सीडीतील प्रतिमा थेट दिली की निकाल निरर्थक येतो आणि दोष प्रारूपाला दिला जातो. वस्तुतः त्या प्रतिमेला रूपांतर, प्रमाण मेंदूशी जुळणी आणि कवटी काढणे या सर्व पायऱ्यांतून न्यायला हवे होते. इंटरनेटवर याच विषयाचे जेपीईजी चित्रांचे संग्रहही मिळतात. त्यांत हेडर नसते, मिलिमीटर नसतात आणि बाजूची खात्री तर मुळीच नसते. गाठ आहे की नाही एवढे शिकवायला ते चालतील, पण जुळणी शिकण्यासाठी ते वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निफ्टी हेडरची स्वतःची एक गुंतागुंत आहे. ३४८ बाइटच्या त्या हेडरमध्ये ठिपक्यापासून मिलिमीटरपर्यंत नेणारी माहिती दोन ठिकाणी ठेवता येते. एसफॉर्ममध्ये तिचे बारा आकडे सरळ लिहिलेले असतात. क्यूफॉर्ममध्ये फिरवण्याचा कोन क्वाटर्नियनच्या, म्हणजे चार आकड्यांनी वळण लिहिण्याच्या एका पद्धतीच्या, रूपात असतो. क्वाटर्नियनला केवळ वळण लिहिता येते, प्रतिबिंब लिहिता येत नाही, म्हणून प्रतिबिंब आहे की नाही हे सांगण्यासाठी वेगळा एक आकडा ठेवला आहे: अधिक एक किंवा वजा एक. क्यूफॉर्मवर अवलंबून असलेल्या प्रणालीत संपूर्ण मेंदूचे डावे-उजवे त्या एका चिन्हावर ठरते. दोन्ही नोंदी एकच गोष्ट सांगत असतील तर उत्तम. पण एखाद्या साधनाने एकच नोंद बदलली तर एकच फाइल एका प्रणालीत सरळ आणि दुसरीत कललेली दिसते, कारण कोणती नोंद आधी मानायची याबाबत सर्व प्रणाली एकमताच्या नाहीत. त्यामुळे जुळणीपूर्वी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

निफ्टीपूर्वी मेयो क्लिनिकचे ॲनालाइझ ७.५ हे स्वरूप प्रचलित होते आणि त्यात डावे-उजवे खात्रीने नोंदवण्याची सोय नव्हती. ते प्रयोगशाळेच्या सवयीवर आणि प्रणालीच्या मांडणीवर ठरत असे. ही उणीव दूर करणे हा निफ्टी तयार करण्यामागचा एक प्रमुख हेतू होता. जुन्या संग्रहातील ‘हेडर’ आणि ‘इमेज’ अशा दोन सुट्या फाइलींची जोडी हाती आली तर हे लक्षात ठेवून संशय घ्यावा.

दिसणाऱ्या चुकांवर उपाय सोपे आहेत, म्हणून त्यांविषयी थोडक्यात. जुळणीची शोधपद्धत सुरुवातीच्या स्थितीपासून थोडे थोडे सरकत चांगल्या मापाकडे जाते. सुरुवातच नव्वद अंशांनी चुकलेली असेल तर ती जवळच्या एखाद्या बऱ्यापैकी पण चुकीच्या स्थितीत अडकते. एसपीएम या मेंदू-प्रतिमांच्या प्रणालीत आरंभबिंदू आधी ‘अँटेरियर कमिशर’ या मेंदूच्या मध्यभागातील खुणेजवळ आणून ठेवण्याचा सल्ला दिला जातो तो याचसाठी. एफएसएल या तशाच दुसऱ्या प्रणालीतील ‘रीओरिएंट-टू-स्टँडर्ड’ ही आज्ञा प्रतिमा काटकोनांच्या पटीत फिरवून प्रमाण मेंदूच्या दिशेला आणते. ती जुळणी करत नाही, आणि हेडरमधील डावे-उजवे चुकले असेल तर ती चूक तशीच पुढे नेते. अनेक जण तिला दुरुस्तीची आज्ञा समजतात, ती तशी नाही. तंत्रज्ञाने डोक्याच्या कलानुसार तिरके काप घेतले असतील तर तो तिरपेपणाही हेडरमध्ये असतो, आणि तो न वाचणाऱ्या प्रणालीत दोन प्रतिमांमध्ये काही अंशांचा फरक राहून जातो.

आणखी एक ठिकाण सहज निसटते. जुळणीचा निकाल, म्हणजे ते सहा किंवा बारा आकडे, वेगळ्या फाइलमध्ये साठवता येतो. आयटीके या प्रतिमा-प्रक्रियेच्या साधनसंचावर आधारलेल्या प्रणाली तो डायकॉमसारख्या अक्षांत लिहितात, तर थ्रीडी स्लायसर हा प्रतिमा पाहण्याचा प्रोग्राम पडद्यावर उजवे-पुढे-वर या अक्षांत दाखवतो. ही फाइल एका प्रणालीतून दुसरीत हाताने आकडे उतरवून नेली की दोन चिन्हांचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

प्रत्यक्ष रुग्णाच्या बाबतीत हे सर्व किती गंभीर आहे, याचे कारण मेंदूच्या रचनेतच आहे. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या कपाळाकडील भागाची इजा दाखवली, आणि भाषेचे केंद्र बहुतेकांत डावीकडे असते हे पुढे काही वर्षांत स्पष्ट झाले. त्यामुळे ज्या रुग्णाचा उजवा हात अशक्त आहे त्याची गाठ जुळवलेल्या प्रतिमेत उजवीकडे दिसत असेल, तर डॉक्टरांना लगेच थबकावे लागते. रुग्णाची तपासणी हा संगणकाबाहेरचा पुरावा आहे आणि तो प्रतिमेइतकाच मोलाचा आहे. नातेवाइकांनीही फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढे पाठवताना कडेचे डाव्या-उजव्याचे अक्षर कापू नये, आणि दुसऱ्या गावी जाताना केवळ फिल्म किंवा फोटो न नेता डायकॉम असलेली सीडी मागून घ्यावी, कारण हेडर फक्त तीतच असते.

केंद्रातच चूक होऊ शकते का? तपासणी सुरू करताना रुग्ण उताणा की पालथा, डोके आधी की पाय आधी, हे तंत्रज्ञ नोंदवतो आणि त्यावरून यंत्र दिशा ठरवते. ही नोंद चुकली तर डावे-उजवेही चुकते; पण येथे एक दिलासा आहे. शरीराच्या या सर्व स्थिती एकमेकींची वळणे आहेत, प्रतिबिंबे नव्हेत, त्यामुळे डाव्या-उजव्याबरोबर आणखी एक दिशा उलटतेच: उताणा-पालथा चुकले तर प्रतिमेच्या कडेला दिशा दाखवणाऱ्या अक्षरांपैकी नाकाशेजारी मागच्या बाजूचे अक्षर येते, डोके-पाय चुकले तर टाळूशेजारी खालच्या बाजूचे. म्हणजे ही चूक अक्षरे वाचणाऱ्याला दिसते. ती दिसल्यावर कोणी केवळ नाकाची दिशा बदलून मोकळे झाले, तर मात्र वळणाचे प्रतिबिंब होते आणि दिसणारी चूक न दिसणारी बनते. माझ्या मते या विषयातील सर्वांत घातक दुरुस्ती हीच.

संशोधनासाठी नव्याने प्रतिमा घेत असाल तर रुग्णाच्या उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची किंवा माशाच्या तेलाची कॅप्सूल चिकटवावी आणि बाजूची नोंद कागदावर करावी. तेल टी१ प्रतिमेत उजळ दिसते, धातू नसल्याने यंत्रात ते सुरक्षित असते, आणि कितीही रूपांतरे झाली तरी तो ठिपका कोठे आहे हे पाहून उजवे ठरवता येते. जुन्या प्रतिमांत अशी खूण नसते. तेथे मेंदूतील किंचित असमानतेचा आधार घेता येतो, कारण पुष्कळ लोकांत उजवा कपाळाकडील आणि डावा मागचा भाग थोडा अधिक बाहेर आलेला असतो; मात्र ही सरासरीची गोष्ट आहे आणि एका रुग्णावरून तिच्या भरवशावर निर्णय करू नये. त्यापेक्षा ॲफनीच्या त्याच गटाने सुचवलेली चाचणी भक्कम आहे. एकाच व्यक्तीच्या दोन प्रतिमांपैकी एक प्रथम आहे तशी आणि मग मुद्दाम डावी-उजवी उलटवून, अशी दोनदा दुसरीशी जुळवायची आणि दोन्ही मापे ताडून पाहायची. मेंदूच्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या आणि दोन बाजूंना सूक्ष्म फरकाच्या असल्याने खरी बाजू सहसा अधिक चांगले माप देते. उलटवलेली प्रतिमा अधिक चांगली जुळली, तर दोन प्रतिमांपैकी एकीचे हेडर चुकले आहे एवढे समजते, पण कोणत्या प्रतिमेचे ते समजत नाही. अशा वेळी दोन्हींच्या मूळ डायकॉम फाइली मागवून रूपांतर पहिल्यापासून करावे, आणि तोवर त्या रुग्णाचे मोजमाप अहवालात धरू नये.